साठीनंतरची सोबत : ओमानच्या वादीतून देवकुंडापर्यंत

आपल्या समाजातील पती-पत्नी आयुष्यात एकमेकांसोबत किती चालतात, याचा हिशेब कधी मांडून पाहावा. बाजारात जायचे तर रिक्षा. नात्यातल्या निकाहाला जायचे तर मुलाची गाडी, आणि तिथे पोहोचल्यावर पुरुष एका मंडपात, बायका दुसऱ्या मंडपात. दवाखान्याच्या वाटेवरही मियाँ चार पावले पुढे आणि बीवी मागे. बहुतेक जोडप्यांच्या नशिबी सोबतीने लांब चालणे येते ते फक्त हज किंवा उमऱ्याच्या वेळी. सफा आणि मरवा यांच्यातील सात फेऱ्यांचे अंतर तीन किलोमीटरहून थोडे अधिक भरते. त्या गर्दीत चुकामूक होऊ नये म्हणून दोघे एकमेकांचा हात घट्ट धरतात. कितीतरी जोडप्यांनी चारचौघांत एकमेकांचा हात धरण्याची ती पहिलीच वेळ असते. मग घरी परततात. तो पडवीत बसतो, ती स्वयंपाकघरात जाते आणि हात सुटतो तो सुटतोच.

हा लेख अशा एका जोडप्याविषयी आहे, ज्यांनी तो हात पुन्हा धरला. साठी उलटल्यावर दोघे ओमानच्या दगडी वाळवंटात धबधबा पाहायला पायी गेले आणि परत आल्यावर आपल्याच रायगडातील देवकुंडाची वाट चालले. आपली नावे छापू नयेत, अशी त्यांची इच्छा आहे. आमच्या निडी परिसरात सगळे त्यांना चाचा-चाची म्हणतात. आपणही तेच म्हणू.

गल्फच्या संसाराचे गणित

निडी हे दिवा-रोहा मार्गावरील नागोठणे आणि रोहा यांच्यामधले छोटे स्थानक. पुढचे रोहा आले की तिथून कोकण रेल्वे सुरू होते. रोह्याच्या अंगाने वाहणारी कुंडलिका रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळते आणि त्याच समुद्राच्या पलीकडच्या काठावर ओमान आहे. कोकणी मुसलमानांना हा समुद्र नवा नाही. आपले पूर्वज जहाजांवर खलाशी होते. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखाती देशांत बांधकामे सुरू झाली आणि रायगड, रत्नागिरीच्या गावागावांतून तरुण मुले तिकडे निघाली.

चाचा १९८४ साली मस्कतला गेले. लग्नाला तीन वर्षे झाली होती, पदरी एक मुलगी होती. रुवी भागात एका खोलीत सहा जण राहत. लॉरी चालवायचे काम होते. कुटुंबाला सोबत न्यायचे तर ठराविक पगाराची अट असते, ती त्यांच्या पगारात कधीच बसली नाही. २०१० साली ते कायमचे परत आले. म्हणजे सव्वीस वर्षे.

मी शाळेत गणितही शिकवते, म्हणून एकदा चाचींसमोर बसून आकडे मांडले. दर दोन वर्षांनी दोन महिन्यांची रजा. सव्वीस वर्षांत अशा बारा रजा. बारा दुणे चोवीस महिने. सव्वीस वर्षांच्या संसारात दोघे एका छताखाली राहिले ती अवघी दोन वर्षे. चाची बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘त्यातही अर्धी रजा पाहुण्यांत जायची.’’

आपल्या भागात असा हिशेब घरोघरी निघेल. त्या पैशांतून घरे उभी राहिली, बहिणींचे निकाह झाले, मुले शिकली, गावच्या मशिदींना आणि मदरशांना मदत झाली. त्याची नोंद सगळेच ठेवतात. जी दोन माणसे त्यासाठी एकमेकांपासून लांब राहिली, त्यांच्या वाट्याचे काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. नवरा परत येतो तेव्हा दोघांनाही एकमेकांची सवय राहिलेली नसते. तिने एकटीने घर चालवलेले असते आणि त्याने एकट्याने आयुष्य काढलेले असते. मग एकाच घरात दोन वेगळी वेळापत्रके चालू होतात. चाचा-चाचींच्या घरीही तेच झाले. भांडण नव्हते, पण बोलणेही नव्हते. जेवण, औषधे आणि विजेचे बिल एवढ्यावरच दिवस सरे.

मग मुलगा मस्कतला नोकरीला लागला. तो शिकलेला, पगार बरा, बायको-मुलांसह राहणारा. त्याने २०२५ च्या जानेवारीत आईवडिलांना महिनाभरासाठी बोलावून घेतले. त्यांनी काय पाहावे याची यादी सूनबाईने केली होती. मोठी मशीद, बाजार, समुद्रकिनारा. चाचांनी त्यात एक नाव घातले : वादी शाब. मस्कतला असताना सोबतचे लोक त्या वादीतल्या धबधब्याविषयी बोलत. पण आठवड्याची एकच सुट्टी, शुक्रवारची. ती जुम्मा, कपडे धुणे आणि झोप यात संपायची. सव्वीस वर्षांत ते तिकडे गेले नव्हते.

वादी म्हणजे काय

उर्दू वाचणाऱ्यांना ‘वादी’ हा शब्द परिचित आहे. वादी म्हणजे दरी किंवा खोरे. कुरआनात हजरत इब्राहीम (अ.) यांच्या दुआमध्ये ज्या नापीक खोऱ्याचा उल्लेख येतो, तिथेही हाच शब्द आहे. अरबस्तानात वादी म्हणजे डोंगरांमधला नदीचा मार्ग. वर्षातला बराच काळ तो कोरडा असतो किंवा त्यात जागोजागी डोह असतात. डोंगरावर पाऊस पडला की त्याच मार्गाने एकाएकी लोंढा येतो.

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाळूच्या टेकड्या येतात. ओमानमध्ये तशाही आहेत. पण मस्कतच्या मागे हजर पर्वताची रांग आहे आणि ते दगडांचे वाळवंट आहे. उघडेबोडके डोंगर, झाड नाही, माती नाही. मस्कतला वर्षभरात सरासरी जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या रायगडात एका पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. आपल्याकडे जुलैच्या एखाद्या दिवसात पडते तेवढे पाणी तिथे वर्षभर पुरवायचे असते.

म्हणूनच तिथल्या लोकांनी पाण्याची कदर केली. डोंगरातील झऱ्याचे किंवा जमिनीखालचे पाणी अरुंद पाटाने कित्येक किलोमीटर दूर गावापर्यंत आणायचे आणि ठरलेल्या वेळेनुसार वाटून घ्यायचे, ही त्यांची जुनी पद्धत. या पाटाला फलज म्हणतात. अनेकवचन अफलाज. ओमानमधील असे पाच अफलाज २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. कोणाच्या खजुरांना किती वेळ पाणी, याची वाटणी गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आपल्याकडे आभाळातून एवढे पाणी पडूनही मार्च उजाडला की वाड्यावस्त्यांवर हंडे रांगेत लागतात, हे चाचींच्या लगेच ध्यानात आले.

ओमानच्या दक्षिणेला सलालाहचा भाग आहे. आपल्याकडे पाऊस आणणारे नैऋत्येचे मोसमी वारे त्या डोंगरांनाही स्पर्श करतात. जूनअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत तिथे धुके आणि रिमझिम असते, डोंगर हिरवे होतात आणि पाऊस चांगला झाला तर वादी दरबातचा धबधबा कड्यावरून कोसळतो. त्या मोसमाला खरीफ म्हणतात. आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी असलेला खरीप हाच तो शब्द. वादी शाब मात्र उत्तरेकडे, मस्कतपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर, तीवी गावाजवळ आहे. तिथे हिवाळ्यात जाणे सोयीचे.

वाटेवरचा दिवस

फजर पढून ते निघाले. मुलगा, सून आणि दोघे. रस्ता एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला डोंगर घेऊन जातो. महामार्गाच्या उंच पुलाखालीच वादीचे तोंड आहे. तिथे पाणी साचलेले असते, म्हणून लहान होडीने पलीकडे जावे लागते. माणशी एक रियाल. कोकणातल्या माणसाला एवढ्याशा पाण्याला होडी पाहून हसू येते, तसे चाचींनाही आले.

पलीकडे उतरले की खजूर आणि केळीच्या बागा लागतात. त्यांच्या कडेने फलज वाहतो. मग बागा संपतात आणि दोन्ही बाजूंना उंच कातळकडे उभे राहतात. वाट कधी गोट्यांतून, कधी मोठ्या धोंड्यांवरून, कधी कड्याच्या अंगाला चिकटलेल्या अरुंद पट्टीवरून जाते. खाली हिरवेनिळे डोह दिसतात. तरण्याबांड माणसाला डोहांपर्यंत पोहोचायला पाऊण ते एक तास लागतो. चाचा-चाचींना दोन तास लागले.

पहिल्या अर्ध्या तासात चाचा नेहमीप्रमाणे पुढे निघून गेले. एका वळणावर ते दिसेनासे झाले, तेव्हा चाची दगडावर बसल्या आणि सुनेला म्हणाल्या, ‘‘त्यांना सांग, मी इथेच थांबते. त्यांचं बघून झालं की येतील.’’ सूनबाई पुढे जाऊन चाचांना परत घेऊन आली. तिथे मुलाने एक साधा नियम घातला. जो सर्वांत हळू चालतो, तो सर्वांत पुढे. बाकीच्यांनी त्याच्या मागे राहायचे.

डोंगर चालणाऱ्यांमध्ये हा नियम जुना आहे आणि त्यामागे कारण आहे. हळू चालणारा मागे राहिला की तो इतरांना गाठण्यासाठी शक्तीबाहेर चालतो. पुढचे लोक त्याची वाट पाहत विश्रांती घेतात आणि तो पोहोचताच उठून चालू लागतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. दमलेला माणूस पाय चुकीचा टाकतो आणि पडतो. पुढच्याला मात्र ते कळतही नाही. मला वाटते, हा नियम फक्त डोंगराचा नाही. आपल्या कितीतरी घरांतही हेच चालले आहे.

चाची पुढे झाल्या. चाचांच्या सांगण्यानुसार, लग्नानंतरच्या चव्वेचाळीस वर्षांत ते पहिल्यांदाच त्यांच्या पाठीमागून चालत होते. ‘‘ती उजवा पाय जपून टाकते, हे मला तिथे कळलं,’’ ते म्हणाले. ‘‘गुडघा दुखतो असं ती सांगायची. पण दिसला तिथे.’’

डोहाच्या काठावर

वादी शाबचा धबधबा वाटेवरून दिसत नाही. पायवाट डोहांपाशी संपते. तिथून पुढे पाण्यातूनच जावे लागते, कुठे चालत, कुठे पोहत. शेवटी कातळात एक अरुंद फट येते. जेमतेम डोके पाण्याबाहेर राहील एवढीच जागा. त्या फटीतून आत गेले की गुहा लागते आणि गुहेत धबधबा.

चाचा कुंडलिकेत पोहायला शिकलेले. या वयातही त्यांना पाण्याची भीती नाही. चाचींना पोहता येत नाही. मुलाने जीवरक्षक जाकीट आणले होते, पण चाचींनी नको म्हटले आणि ते बरोबरच होते. ज्याला पाण्याची सवय नाही त्याने साठीनंतर परक्या डोहात पहिला धडा घेऊ नये.

‘‘तुम्ही जाऊन या,’’ त्या चाचांना म्हणाल्या. ‘‘आल्यावर मला सांगा कसा आहे तो.’’

चाचांनी उत्तर दिले, ‘‘सांगून खूप झालं. सव्वीस वर्षं सांगितलंच.’’

ज्यांच्या घरातून कोणी गल्फला गेले आहे, त्यांना या वाक्याचा अर्थ समजावून सांगायला नको. आधी पत्रे असत. मग टेप केलेल्या कॅसेटी येऊ लागल्या. गावी येणाऱ्या कोणाच्या तरी बॅगेतून कॅसेट यायची आणि बायको दार लावून ती ऐकायची. मग एसटीडी बूथ आला, त्यानंतर मोबाइल. त्या सगळ्या वर्षांत नवरा पाहत होता आणि बायको ऐकत होती. किंवा बायको मुलांना वाढताना पाहत होती आणि नवरा ऐकत होता.

चाचा धबधबा पाहायला गेले नाहीत. मुलगा आणि सून पाळीपाळीने पाण्यात जाऊन आले. हे दोघे काठावरच्या सावलीत पाय पाण्यात सोडून बसले. आतल्या पाण्याचा घुमणारा आवाज तिथवर येत होता की नाही, यावर दोघांचे आजही एकमत नाही. परतताना खजुरांच्या बागेजवळ वुजू करून त्यांनी जुहर कसर पढली. धबधबा पाहायला गेलेले हे जोडपे धबधबा न पाहता परत आले आणि तरीही आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस कोणता असे विचारले तर चाची त्याच दिवसाचे नाव घेतात.

त्याआधीचे तीन महिने

हे वाचून कोणाला वाटेल की दोघांनी उठून सरळ वादीची वाट धरली. तसे झाले नव्हते. मुलाने बोलावल्यावर ऑक्टोबरमध्ये ते प्रथम डॉक्टरांकडे गेले. चाचांना रक्तदाब आहे, चाचींना साखर. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि मग चालण्याची परवानगी दिली. त्यांनी काय केले ते सांगते, म्हणजे इतरांना उपयोग होईल.

पहिल्या महिन्यात रोज फजरनंतर अर्धा तास सपाट रस्त्यावर चालणे. दुसऱ्या महिन्यात पाऊण तास, त्यात एक चढ. तिसऱ्या महिन्यात आठवड्यातून एकदा दीड तास, पाठीवर पाण्याची पिशवी घेऊन. वेग किती असावा, याची खूण सोपी आहे. चालताना बोलता आले पाहिजे. बोलता बोलता धाप लागली तर वेग कमी करायचा.

उतरण्याचा सराव चढण्याइतकाच महत्त्वाचा आहे. लोक चढाला घाबरतात, पण म्हातारपणी गुडघ्यावर जास्त भार उतारावर येतो. हातात काठी असली की तो भार विभागला जातो. चाचींना काठीची लाज वाटत होती. मग चाचांनी स्वतःही एक काठी घेतली, तेव्हा लाज गेली.

तहानेची गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायला हवी. वय वाढते तशी तहान लागण्याची जाणीव मंद होते. शरीराला पाणी हवे असते, पण घसा सांगत नाही. त्यातच रक्तदाबाची काही औषधे लघवीवाटे पाणी बाहेर टाकतात. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट घ्यायचे. ऊन असेल तर चालण्याच्या प्रत्येक तासाला माणशी अर्धा लिटर पाणी तरी हवेच, उन्हाळ्यात त्याहूनही अधिक. औषधांच्या वेळा आणि मात्रा मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवायच्या, आपल्या मनाने नव्हे.

साखर असलेल्यांनी पायांकडे विशेष लक्ष द्यावे. नवे बूट घालून लांब चालायला जाऊ नये. बूट आधी महिनाभर वापरून सैल करावेत, सुती मोजे घालावेत आणि घरी परतल्यावर तळवे, बोटांच्या मधली जागा नीट पाहावी. साखरेमुळे पायांची संवेदना कमी होते, फोड आलेला कळत नाही. खिशात खजूर किंवा खडीसाखर असावी.

कपड्यांविषयीही बोलले पाहिजे, कारण आपल्या भगिनी याच कारणाने घरी राहतात. पर्दा आणि चालणे यांचे वैर नाही. पायात येणारा घेर मात्र धोक्याचा असतो, विशेषतः दगडांवरून उतरताना. चाचींनी घोट्यापर्यंतचा सैल अंगरखा, खाली सलवार आणि डोक्याला पिन लावलेली सुती ओढणी असा पोशाख शिवून घेतला. रंग फिका, म्हणजे उन्हाचा त्रास कमी.

पाणी पाहायला जाताना पाण्याला विसरू नये

वादीचे सौंदर्य आणि वादीचा धोका एकच आहे. आपण उभे असतो तिथे निळे आकाश असते, पण दूर डोंगरावर पाऊस झालेला असतो. लोंढा येतो तेव्हा पळायला वेळ मिळत नाही. एप्रिल २०२४ मध्ये ओमानमध्ये आलेल्या पुरात शाळकरी मुलांचाही बळी गेला. ती बातमी वाचून आमच्या शिक्षक-खोलीत कोणालाच बोलवेना. भरून वाहणाऱ्या वादीत गाडी घालणे तिथे कायद्याने गुन्हा आहे. चाचा-चाची निघण्याआधी मुलाने तीन दिवसांचे हवामान पाहिले होते. पावसाची जराही शक्यता असती तर बेत रद्द, हे आधीच ठरले होते.

आपल्याकडचे चित्र वेगळे नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यात मुलेही होती. क्षणभरापूर्वी ते घोट्याएवढ्या पाण्यात उभे होते. दर पावसाळ्यात अशी बातमी येते आणि दर पावसाळ्यात आपण तिथेच जातो. प्रशासन मनाई आदेश काढते तेव्हा आपण त्याला आपल्या आनंदावरची बंदी समजतो. जीव ही अल्लाहची अमानत आहे, असे आपण मुलांना शिकवतो. ती अमानत सांभाळण्याची सुरुवात मनाईचा फलक वाचण्यापासून होते.

आपल्या उशाशी असलेला देवकुंड

ओमानहून परतल्यावर चाचींनी विचारले, ‘‘एवढ्या लांब जाऊन आलो, आपल्याकडे पाणी कमी आहे का?’’ प्रश्न योग्य होता. कुंडलिकेच्या काठावर आयुष्य गेले, पण ती कुठून येते हे दोघांनीही पाहिले नव्हते.

कोलाडवरून वर गेले की सह्याद्रीच्या पायथ्याशी भिरा लागते. तिथे टाटांचे जलविद्युत केंद्र आहे. घाटमाथ्यावरच्या मुळशी जलाशयाचे पाणी नळांतून खाली येऊन तिथे वीज तयार करते आणि मग तेच पाणी कुंडलिकेत सोडले जाते. कोलाडचे राफ्टिंग चालते ते याच पाण्यावर. भिऱ्याच्या धरणाच्या कडेने, पुढे जंगलातून एक वाट देवकुंडला जाते. तीन बाजूंनी उभे कडे, वरून कोसळणारे पाणी आणि खाली मोठा डोह. तिथे पोहोचायला सरासरी माणसाला दोन-अडीच तास लागतात आणि तेवढेच परतायला.

भिरा हे नाव अनेकांनी वेगळ्याच कारणाने ऐकले असेल. मार्च २०१७ च्या अखेरीस तिथे ४६.५ अंश तापमानाची नोंद झाली आणि देशभरच्या वर्तमानपत्रांत हे गाव झळकले. जिथे जुलैमध्ये पाऊस माणसाला उभे राहू देत नाही, तिथे मार्चमध्ये वाळवंटाची धग असते. म्हणून आपल्या भागातही वयस्कर माणसांसाठी चालण्याचे खरे महिने मोजकेच : पावसाळा पूर्ण ओसरल्यापासून जानेवारीअखेरपर्यंत. पावसाळ्यात देवकुंडच्या वाटेवरील ओढे फुगतात, तिथे माणसे दगावली आहेत आणि त्या काळात प्रशासन ती वाट बंद ठेवते.

चाचा-चाची २०२५ च्या डिसेंबरमध्ये गेले. गावातला माहीतगार तरुण वाटाड्या सोबत घेतला. सकाळी साडेसहाला चालायला सुरुवात केली. चाची पुढे, चाचा मागे. जाताना चार तास लागले. दर अर्ध्या तासाने थांबायचे, पाणी प्यायचे, खजूर खायचे, पुन्हा चालायचे. इथे पोहावे लागत नव्हते. डिसेंबरमध्ये धार बारीक झाली होती, पण होती. दोघांनी ती एकत्र पाहिली. डोहात उतरले नाहीत. डोह खोल आहे आणि तळाचे दगड निसरडे असतात.

गावात बोलणाऱ्यांनी बोलून घेतलेच. ‘या वयात डोंगरात काय काम?’ ‘नातवंडं झाली, आता तसबीह घेऊन बसायचं.’ हे म्हणणाऱ्यांना एका रिवायतीची आठवण द्यावीशी वाटते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रवासात हजरत आयेशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली होती. त्या वेळी आयेशा (रजि.) पुढे निघाल्या. पुढे काही काळाने, त्यांचे शरीर भरल्यानंतर, पुन्हा शर्यत झाली आणि प्रेषित (स.) पुढे निघाले. तेव्हा त्यांनी पहिल्या शर्यतीची परतफेड झाल्याचे हसत सांगितले. पती-पत्नीने उघड्यावर, एकमेकांच्या सोबतीत, हसत-खेळत वेळ घालवणे हे आपल्याला कोणाकडून उसने घ्यावे लागत नाही. ते आपल्याच घरातले आहे, आपणच विसरलो.

मुलांनी करायचे काम

ज्यांचे आईवडील साठीच्या पुढे आहेत अशा वाचकांना माझे काही सांगणे आहे. आपण त्यांना पैसे पाठवतो, औषधे आणतो, मोठा टीव्ही घेऊन देतो. हे करावेच. पण त्या दोघांना मिळून काही करता यावे, याची सोय आपण करत नाही. आई आपल्या मुलांना सांभाळते आणि अब्बा बाजारहाट करतात. निवृत्तीनंतरही त्यांची ड्युटी वेगवेगळीच लावलेली असते. निदान आठवड्यातून एक सकाळ त्यांची असू द्या. त्या सकाळी नातवंडांचा डबा तुम्ही भरा.

सुरुवात धबधब्यापासून करायची गरज नाही. निडीच्या आसपास शेतांचे बांध आहेत, रोह्यात नदीचा काठ आहे. प्रत्येक गावाला अशी एखादी वाट असते. आधी डॉक्टरांना भेटा, मग चांगले बूट घ्या, मग पाण्याची बाटली. ज्या घरातले वडील गल्फहून परत आले आहेत, तिथे हे अधिक आवश्यक आहे, कारण त्यांच्या सोबतीची वर्षे आधीच खर्च झाली आहेत. ती परत मिळत नाहीत. उरलेली मात्र हातात आहेत.

ज्यांचे पाय चालत नाहीत, ज्यांच्यातला एक जण अंथरुणाला खिळलेला आहे, त्यांनी हा लेख वाचून मन छोटे करू नये. सोबत अंतरात मोजली जात नाही. पडवीपासून अंगणातल्या आंब्यापर्यंतची वीस पावलेही एकमेकांच्या आधाराने टाकता येतात. तिथेही नियम तोच ठेवावा : जो हळू चालतो, त्याला पुढे जाऊ द्यावे.